आहार मोजणारे ॲप कसे पारखावे?

एका ज्वारीच्या भाकरीत किती उष्मांक असतात? प्रश्न साधा दिसतो. पण तो मोबाइलमधल्या दोन निरनिराळ्या ॲप्सना विचारून पाहा. समजा, एकाने सांगितले १४७ आणि दुसऱ्याने सांगितले २१३. दोन्ही आकडे पडद्यावर अगदी ठामपणे उमटतात. शेवटचा ७ आणि शेवटचा ३ सुद्धा कोणीतरी मोजून लिहिल्यासारखा वाटतो. मग यांतला खरा कोणता?

आजकाल ‘रोज काय खाल्ले ते लिहा, आम्ही हिशेब ठेवतो’ असे म्हणणारी ॲप्स पुष्कळ झाली आहेत. मोठी माणसे ती वापरतात. त्यांचे पाहून आठवी-नववीतली मुलेमुलीही वापरू लागतात. ‘सर, यांतले चांगले कोणते?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. एखादे नाव सांगून टाकणे सोपे आहे, पण ॲप्स दर वर्षी बदलतात. त्यापेक्षा पारखण्याची रीत शिकलेली बरी. प्रयोगशाळेत एखादे उपकरण हाती आले, की आपण तीन गोष्टी विचारतो : हे नेमके काय मोजते? याचे लघुतम माप किती? आणि यात चूक किती होऊ शकते? आहार मोजणारे ॲप हेही एक मोजमापाचे साधनच आहे. तेव्हा हेच तीन प्रश्न त्यालाही विचारू.

उष्मांक म्हणजे काय?

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी, हे तुम्ही शिकला आहातच. आहारशास्त्रात मात्र याच्या हजारपट मोठे एकक वापरतात. ते किलोकॅलरी होय. बोलण्यात ‘किलो’ गळून पडतो आणि लोक नुसते ‘कॅलरी’ म्हणतात. मराठीत आपण त्यालाच उष्मांक म्हणतो. या लेखात उष्मांक म्हणजे किलोकॅलरी असे समजावे. १ उष्मांक = ४.१८४ किलोज्यूल.

आता एक गंमत पाहू. एखाद्याच्या आहारातून दिवसाला २४०० उष्मांक मिळतात असे धरा. म्हणजे सुमारे १ कोटी ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की उत्तर येते ११६ ज्यूल दर सेकंदाला, म्हणजेच ११६ वॅट. जुन्या पद्धतीच्या शंभर वॅटच्या दिव्याला जेवढी ऊर्जा लागे, साधारण तेवढ्यात आपले हृदय, मेंदू, फुप्फुसे, स्नायू असा सगळा संसार चालतो! आपण स्वस्थ झोपलो असतानाही हा दिवा विझत नाही.

अन्न जाळून पाहणे

अन्नातली ऊर्जा मोजायची कशी? सर्वांत सरळ उपाय म्हणजे ते जाळून पाहणे. पोलादाच्या भक्कम बंद पात्रात दाबाखाली ऑक्सिजन भरतात. त्यात वाळवलेल्या अन्नाचा नमुना ठेवून विजेच्या तारेने पेटवतात. पात्राभोवती पाणी असते. पाण्याचे तापमान किती वाढले यावरून उष्णता काढतात. या उपकरणाला बॉम्ब उष्मामापी म्हणतात.

पण आपले पोट म्हणजे काही बॉम्ब उष्मामापी नव्हे. कागद किंवा लाकडाचा भुसाही त्या पात्रात छान जळतो, पण आपण तो पचवू शकत नाही. प्रथिनांमधला नायट्रोजन शरीरात पूर्णपणे जळत नाही. तो युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो आणि जाताना थोडी ऊर्जा घेऊन जातो. तेव्हा जळून मिळणारी ऊर्जा वेगळी आणि शरीराला मिळणारी वेगळी.

हा फरक कसून शोधला तो अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) या रसायनशास्त्रज्ञाने. कनेटिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात, १८९० नंतरच्या दशकात, त्याने एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीने एक मोठा उष्मामापी बांधला. तो इतका मोठा होता की त्यात खाट, टेबल आणि खुर्ची यांसह एक माणूस कित्येक दिवस राहू शके! त्या खोलीच्या भिंतींतून उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या भिंतींचे तापमान सारखे राखत. माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता नळ्यांतून वाहणारे थंड पाणी उचलून नेई. पाणी किती वाहिले आणि ते किती अंशांनी तापले, यावरून हिशेब होई. खाल्लेले अन्न आणि शरीराने बाहेर टाकलेले पदार्थ, दोन्हींची ऊर्जा मोजली जाई. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माणसाच्या शरीरालाही लागू पडतो, हे या प्रयोगांतून उत्तम रीतीने दिसून आले.

ॲटवॉटरच्या कामातूनच ४, ९, ४ हे प्रसिद्ध आकडे आले. एक ग्रॅम प्रथिने जाळली तर सुमारे ५.६५ उष्मांक निघतात, पण शरीराला मिळतात सुमारे ४. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून मिळतात सुमारे ९. एक ग्रॅम कर्बोदकांतून सुमारे ४. आज पाकिटावर छापलेले आणि ॲपमध्ये दिसणारे बहुतेक उष्मांक याच गुणाकाराने काढलेले असतात. उदाहरणार्थ, एखाद्या बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने ७ ग्रॅम, कर्बोदके ७५ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ १४ ग्रॅम असतील, तर

७ × ४ + ७५ × ४ + १४ × ९ = २८ + ३०० + १२६ = ४५४ उष्मांक.

म्हणजे कोणी तुमचे बिस्कीट जाळून पाहिलेले नसते. हा एक सरासरी काढणारा गुणाकार असतो. सरासरी म्हटली की अपवाद आलेच. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून त्यांतून प्रत्यक्ष किती ऊर्जा मिळते हे मोजले. ४-९-४ च्या हिशेबाने २८ ग्रॅम बदामांत सुमारे १७० उष्मांक यायला हवेत. प्रत्यक्ष मिळाले सुमारे १२९. बदामाच्या पेशींच्या भिंती चावताना पूर्ण फुटत नाहीत, त्यांतले तेल तसेच पुढे निघून जाते. गुणाकारात चूक नव्हती. पण गुणाकाराला दातांची आणि आतड्यांची माहिती नव्हती.

कोष्टक कोणाचे?

ॲप स्वतः काहीच मोजत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्या पोटात एक मोठे कोष्टक असते. तुम्ही पदार्थाचे नाव सांगता, ते कोष्टकातला आकडा काढून देते. तेव्हा ॲपची खरी योग्यता त्याच्या कोष्टकात असते, रंगीत चित्रांत नव्हे.

आपल्या देशात अशी कोष्टके करण्याची परंपरा जुनी आहे. कुन्नूर येथील प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका तयार केली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि तीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९७१ मध्ये सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मोठे कोष्टक निघाले. ते कित्येक दशके सगळ्या देशाने वापरले. त्यानंतर २०१७ मध्ये संस्थेने देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांचे नवे कोष्टक प्रसिद्ध केले.

आता आपल्या ज्वारीकडे येऊ. १०० ग्रॅम ज्वारीत जुन्या कोष्टकात ३४९ उष्मांक दिले आहेत. नव्यात १३९८ किलोज्यूल, म्हणजे ३३४ उष्मांक आहेत. ज्वारी तीच, पण नमुने नवे आणि पृथक्करणाच्या पद्धतीही नव्या. विशेषतः तंतुमय पदार्थ मोजण्याची रीत पार बदलली. जुन्या रीतीने ज्वारीत तंतू दीड-पावणेदोन ग्रॅम भरत, नव्या रीतीने ते दहा ग्रॅमच्या पुढे गेले. म्हणजे ज्या दोन ॲप्सनी ही दोन निरनिराळी कोष्टके घेतली असतील, त्यांच्या उत्तरात चार टक्क्यांचा फरक पडणारच, आणि दोन्ही प्रामाणिक असतील.

सगळीच कोष्टके मात्र अशी प्रयोगशाळेतून आलेली नसतात. ‘मायफिटनेसपाल’ या अमेरिकेतील प्रसिद्ध ॲपच्या कोष्टकात वापरणाऱ्या लोकांनी स्वतः भरलेल्या नोंदी फार मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे जवळजवळ कोणताही पदार्थ सापडतो, पण एकाच पदार्थाच्या अनेक नोंदी आणि अनेक आकडेही सापडतात. याउलट कॅनडातील ‘क्रोनोमीटर’ संशोधन संस्थांच्या कोष्टकांवर भर देते. त्यात लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचेही आकडे मिळतात, पण थालीपीठ किंवा पिठले शोधायला गेलात तर अडचण पडू शकते. बंगळूरच्या ‘हेल्दिफायमी’ने भारतीय पदार्थांवर भर दिला. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ नावाचे ॲप काढले. प्रत्येकाची बाजू वेगळी आहे. म्हणून ‘सर्वांत चांगले कोणते’ याऐवजी ‘माझ्या ताटातले अन्न यात आहे का आणि त्याचा आकडा कोठून आला’ असे विचारावे.

वाटी, चमचा आणि छायाचित्र

कोष्टक उत्तम आहे असे धरू. तरी एक मोठी अडचण राहतेच. कोष्टक सांगते दर १०० ग्रॅमला किती. आपण जेवतो वाटीने, पळीने आणि भाकरीने.

समजा, एका भाकरीला ४५ ग्रॅम पीठ लागले. ४५ × ३.३४ = १५० उष्मांक. शेजारच्या घरी भाकरी मोठी थापतात, ७५ ग्रॅम पिठाची. ती झाली २५० उष्मांकांची. सुरुवातीच्या दोन उत्तरांचे कोडे येथेच सुटते. ॲपच्या मनात कोणती भाकरी होती, हे आपण विचारलेच नव्हते!

वाटीचे तर याहून बिकट. एका वाटीचा व्यास ८ सेंटिमीटर आहे आणि अगदी त्याच आकाराच्या दुसरीचा १० सेंटिमीटर. डोळ्यांना फरक थोडा वाटतो. पण घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १.२५ चा घन १.९५. म्हणजे दुसऱ्या वाटीत जवळजवळ दुप्पट आमटी मावते. दोघेही ॲपमध्ये लिहितात ‘एक वाटी’.

भाताच्या बाबतीत पाणी फसवते. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५६ उष्मांक असतात. शिजताना त्याने १८० ग्रॅम पाणी शोषले तर भात झाला २८० ग्रॅम. पाण्यातून ऊर्जा काहीच मिळत नाही. म्हणून १०० ग्रॅम भातात उष्मांक उरले ३५६ ÷ २.८ = सुमारे १२७. आता ताटातला १०० ग्रॅम भात लिहिताना कोणी ॲपमधली कच्च्या तांदळाची नोंद निवडली, तर उत्तर जवळजवळ तिप्पट येईल. चांगल्या ॲपमध्ये ‘कच्चा’ आणि ‘शिजवलेला’ या नोंदी स्पष्टपणे वेगळ्या असतात.

तेलाचे काय? पाच मिलिलिटरचा लहान चमचा घ्या. तेलाची घनता सुमारे ०.९२ ग्रॅम दर मिलिलिटर. म्हणजे तेल ४.६ ग्रॅम आणि उष्मांक ४.६ × ९ = सुमारे ४१. भाजीत दोन चमचे तेल जास्त पडले की ८० उष्मांक वाढले, आणि भाजीकडे पाहून ते कळत नाही.

काही नव्या ॲप्समध्ये ताटाचे छायाचित्र घेतले की पदार्थ ओळखून उष्मांक सांगण्याची सोय असते. युक्ती चांगली आहे. पण छायाचित्र हे सपाट असते. त्यावरून भाकरीचा व्यास कळेल, जाडी कशी कळणार? वाटीचे तोंड दिसेल, खोली दिसणार नाही. फोडणीतले तेल तर कोणत्याच छायाचित्रात दिसत नाही. तेथे ॲप अंदाज करते. अंदाज करण्यात गैर काही नाही, पण तो अंदाज आहे असे त्याने सांगावे, एवढीच अपेक्षा.

खर्चाची बाजू

पुष्कळ ॲप्स खाल्लेल्या अन्नाबरोबर ‘जाळलेले’ उष्मांकही दाखवतात. ते कसे मोजतात? मोबाइलमध्ये किंवा हातातल्या घड्याळात त्वरणमापी असतो. हिसक्यांवरून तो पावले मोजतो. घड्याळ नाडीचे ठोके मोजते. ऊर्जा मात्र यांपैकी कोणीच मोजत नाही. ती पावलांवरून, ठोक्यांवरून आणि वजनावरून सूत्राने काढलेली असते. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी मनगटावर बांधायची सात यंत्रे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले. खर्च झालेल्या ऊर्जेत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक सुमारे २७ टक्के भरली.

आता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी येथे नीट लक्ष द्यावे. ॲपच्या पडद्यावर ‘जमा वजा खर्च’ असा एक आकडा असतो. समजा, जमा २४०० आणि त्यात चूक १० टक्के, म्हणजे २४० अधिक किंवा उणे. खर्च २३००, आणि त्यात चूक २० टक्के, म्हणजे ४६० अधिक किंवा उणे. वजाबाकी १००. पण वजाबाकी करताना चुकांची वजाबाकी होत नाही. वाईटात वाईट स्थितीत त्यांची बेरीज होते : २४० + ४६० = ७००. म्हणजे खरे उत्तर उणे ६०० ते अधिक ८०० यांच्यामध्ये कोठेही असू शकेल! दोन मोठ्या, अनिश्चित संख्यांची वजाबाकी करून लहान संख्या काढू नये, हा प्रयोगशाळेतला जुना धडा आहे. आणि ॲप सांगते, ‘आज तुमचे ३७ उष्मांक शिल्लक आहेत.’ मीटरपट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखेच हे झाले.

व्यायामाविषयीही एक गैरसमज काढून टाकू. ५० किलोचा मुलगा जिन्याने ३० मीटर, म्हणजे सुमारे दहा मजले चढला. त्याने केलेले कार्य ५० × ९.८ × ३० = १४,७०० ज्यूल, म्हणजे जेमतेम साडेतीन उष्मांक. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे पाव धरली तर खर्च झाले १४ उष्मांक. म्हणजे एका लहान चमचाभर तेलासाठी सुमारे तीस मजले! यावरून ‘मग खायलाच नको’ असा निष्कर्ष काढायचा नाही. उलट काढायचा तो असा : आपल्या अन्नातली बरीचशी ऊर्जा शरीर चालू ठेवण्यात, ऊब राखण्यात आणि वाढण्यात जाते. अन्न ही व्यायामाची मजुरी नव्हे. व्यायाम हृदयासाठी, स्नायूंसाठी आणि आनंदासाठी करावा. चमच्यांचा हिशेब फेडण्यासाठी नव्हे.

हा आकडा कोणासाठी?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲप तुम्हाला रोजचे एक ‘उद्दिष्ट’ देते. ते कोठून येते?

पुष्कळ ॲप्स १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन आणि सेंट जोर यांचे सूत्र वापरतात. विश्रांतीच्या स्थितीत दिवसाला लागणारे उष्मांक स्त्रियांसाठी असे काढतात :

१० × वजन (किलोग्रॅम) + ६.२५ × उंची (सेंटिमीटर) − ५ × वय (वर्षे) − १६१

पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवतात. हे सूत्र ४९८ निरोगी माणसांवरच्या मोजमापांतून काढले गेले. त्यांची वये होती १९ ते ७८. तुमचे वय त्यात बसते का? नाही. १९ ते ७८ साठी काढलेली रेषा १४ किंवा १५ पर्यंत मागे ओढणे म्हणजे आलेखाबाहेर पेन्सिल नेणे. शिवाय मोठ्या माणसाचे शरीर वाढत नसते, तुमचे वाढत असते.

परिणाम काय होतो ते पाहू. १५ वर्षांची मुलगी, वजन ४८ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. सूत्राने उत्तर येते ४८० + ९६९ − ७५ − १६१ = १२१३. मध्यम हालचालीसाठी ॲप त्याला १.५५ ने गुणते : १८८०. मुलीने ‘वजन कमी करायचे आहे’ या चौकोनावर बोट ठेवले, की त्यातून ५०० वजा होतात. पडद्यावर येते १३८०.

आता दुसरा आकडा पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलींची सरासरी गरज दिवसाला २४०० उष्मांक आणि मुलांची २८६० आहे. १६ ते १८ वर्षांसाठी ती अनुक्रमे २५०० आणि ३३२० आहे. हे गटाचे सरासरी आकडे आहेत. प्रत्येकीने बरोबर २४०० च खावे असा त्यांचा अर्थ नाही. पण १३८० आणि २४०० यांतील दरी पाहा. हजार उष्मांकांची ही तूट रोज पडत राहिली तर शरीर काटकसर करू लागते. थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, उंचीची वाढ मंदावू शकते, मुलींची मासिक पाळी अनियमित होऊ शकते. हाडांत कॅल्शियम साठण्याचा काळही हाच असतो. तो पुन्हा येत नाही.

ॲपने येथे खोटे काहीच सांगितलेले नसते. त्याने आपले सूत्र इमानाने चालवले. चूक आहे ती मोठ्यांचे माप लहानांना लावण्यात. काही ॲप्सच्या अटींतच ‘१८ वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असे लिहिलेले असते. पण अटी वाचतो कोण?

म्हणून शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी वजन घटवण्यासाठी असे ॲप स्वतःच्या मनाने वापरू नये. वजनाची काळजी वाटत असेल तर आईवडिलांशी बोलावे, डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्या काही मुलांना डॉक्टर कर्बोदके मोजायला शिकवतात. तेथे अशा ॲपचा खरा उपयोग होतो, कारण आकड्याचा अर्थ लावणारा जाणकार सोबत असतो.

निवडताना काय विचारावे?

मोठ्यांनी घरात वापरण्यासाठी किंवा तुम्ही अभ्यासासाठी ॲप निवडताना पुढील प्रश्न विचारा.

१. पदार्थाच्या आकड्याखाली तो कोणत्या कोष्टकातून घेतला हे लिहिले आहे का?

२. ज्वारी, नाचणी, वरण, उसळ, पोहे हे आपले पदार्थ त्यात आहेत का? घरची कृती घटकांच्या वजनांनी भरता येते का?

३. वाटी किंवा नग याबरोबर ग्रॅममध्येही माप देता येते का? कच्चे आणि शिजवलेले वेगळे दाखवले आहे का?

४. उष्मांकांखेरीज प्रथिने, लोह, कॅल्शियम, तंतू दिसतात का? नुसत्या उष्मांकांनी पाहिले तर गोड सरबत आणि मुगाची उसळ सारखीच ठरू शकतात.

५. वय विचारले जाते का, आणि लहान वय सांगितल्यावर ॲप वजन घटवण्याचे उद्दिष्ट देण्याचे नाकारते का? जे नाकारते ते अधिक जबाबदार समजावे.

६. माहिती कोठे जाते? तुमचे वजन, आजार, जेवणाच्या वेळा ही खाजगी माहिती आहे. २०१८ मध्ये मायफिटनेसपालच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावे आणि ई-मेल पत्ते चोरीला गेले होते. आपल्याकडे २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. संमती न विचारणारे ॲप दूरच ठेवावे.

करून पाहा

वजनकाटा, मोजपात्र आणि वही एवढ्या साहित्यावर एक चांगला प्रयोग होतो.

घरी भाकऱ्या किंवा पोळ्या करण्यापूर्वी पिठाचे वजन करा. किती नग झाले ते मोजा आणि एका नगाला लागलेले पीठ काढा. ज्वारीला दर ग्रॅमला ३.३४ उष्मांक धरा. गव्हाच्या पिठाला नव्या कोष्टकानुसार सुमारे ३.२ धरा. मग दोन ॲप्समध्ये तोच पदार्थ शोधा. तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. घरातल्या सगळ्या वाट्यांत पाणी भरून त्यांचे घनफळही मोजा. वर्गात सर्वांनी आपापल्या वाटीचे घनफळ फळ्यावर लिहिले, तर ‘एक वाटी’ या शब्दात केवढा पसारा आहे ते दिसेल.

शिक्षकांना एक विनंती. या प्रयोगात भाकरीचे वजन करावे, विद्यार्थ्यांचे करू नये. कोण किती खातो याची तुलनाही वर्गात होऊ देऊ नये. मोजायची आहे ती मोजमापातली अनिश्चितता.

शेवटी प्रत्येक उत्तर लिहिताना विचार करा : यातले किती अंक खरोखर सार्थ आहेत? ज्या भाकरीच्या पिठातच पाच-दहा ग्रॅमचा फरक पडतो, तिचे उष्मांक १४७ लिहिण्यात अर्थ नाही. ‘सुमारे दीडशे’ हे उत्तर कमी अंकांचे आहे, पण अधिक खरे आहे. जे ॲप ‘सुमारे’ हा शब्द वापरायला लाजत नाही, ते निवडण्यास हरकत नाही. आणि तसे ॲप सापडेपर्यंत तो शब्द आपण स्वतः, मनातल्या मनात, प्रत्येक आकड्यापुढे लिहावा.